हातची विद्या जगाला देणारे विमानकर्ते आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, म्हणजे वडीलधाऱ्यांस विचाराला व मुलांस अनुकरणाला काही सापडते, अशी आपल्या मंडळींची धारणा आहे. हा अंक सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या सुतार-लोहार कुटुंबांच्या हाती पडणार. तेव्हा आपल्या हत्यारांशी ज्याचे नाते आहे असाच चरित्रनायक निवडावा, असे आम्ही ठरविले. आपल्या घरांतून विश्वकर्म्याची पूजा होते, आणि पुष्पक विमान त्यानेच घडविले ही रामायणातील कथा लहान पोरालाही ठाऊक असते. त्या पुष्पकाची मोजमापे मात्र कोणाच्या हाती आली नाहीत. ज्या पुरुषाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, त्याने बांबू, रेशीम, तारा आणि सायकलची चाके यांतून एका माणसाने बसावयाचे विमान घडविले आणि त्याची मोजमापे जो मागेल त्यास विनामूल्य दिली. हा पुरुष आपल्या देशाचा नव्हे, आपल्या भाषेचाही नव्हे. तथापि विद्या लपवावी की वाटावी, हा जो प्रश्न आपल्या समाजापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे, त्याचे उत्तर त्याच्या चरित्रात आहे, म्हणून ते येथे देत आहोत.

बालपण

आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ यांचा जन्म २० जुलै १८७३ रोजी दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात, मिनास जेराइस प्रांतातील एका मळ्यात झाला. आठ भावंडांत त्यांचा क्रम सहावा. वडील एन्रिके द्यूमाँ हे इंजिनिअर होते. आरंभी त्यांनी लोहमार्गाची कामे घेतली. पुढे साव पावलो प्रांतात कॉफीचे मळे लावले आणि ते इतके वाढविले की लोक त्यांस कॉफीचा राजा म्हणू लागले. मळ्याचा विस्तार एवढा की, कॉफीची फळे वाहून नेण्यास इस्टेटीतच आगगाडी धावत असे.

अशा श्रीमंताघरचे पोर गाद्यागिरद्यांवर लोळावयाचे. परंतु आल्बेर्तोचे मन यंत्रात. सातव्या वर्षी तो मळ्यातील वाफेची गाडी हाकू लागला आणि बाराव्या वर्षी आगगाडीचे एंजिन. कॉफीची फळे धुणारी, सुकविणारी, सोलणारी आणि चाळणारी यंत्रे तो तासन्‌तास न्याहाळीत बसे. चाळण्या मागेपुढे हलत व वरचेवर मोडत, आणि चक्राकार फिरणारी यंत्रे मात्र क्वचितच बिघडत, हे त्याने त्याच वयात टिपून ठेविले. रात्री ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत प्रवासकथा वाचावयाच्या आणि दिवसा कागदाचे पतंग व बलून करावयाचे, असा त्याचा क्रम होता.

आपल्याकडे मुले गोल बसून जमिनीवर बोट टेकतात आणि एक जण चिमणी उडाली, कावळा उडाला असे म्हणत जातो. उडणाऱ्या जिवाचे नाव निघाले तर बोट वर करावयाचे. म्हैस उडाली म्हणताच ज्याचे बोट वर जाईल त्याच्यावर डाव. गंमत अशी की, हाच खेळ ब्राझीलच्या मुलांतही होता. त्यात मधूनच कोणी माणूस उडाला असे म्हणे आणि प्रत्येक वेळी आल्बेर्तोचे बोट ठामपणे वर जाई. मुले हसत व दंड मागत. हा दंड देण्यास साफ नकार देई. पुढे त्याचे नाव जगभर झाले, तेव्हा लहानपणच्या एका सवंगड्याने पत्र पाठवून या खेळाची त्यास आठवण करून दिली.

पित्याचा उपदेश

१८९० साली वडील घोड्यावरून पडले आणि त्यांचे अर्धे अंग लुळे झाले. मळे विकून ते उपचारासाठी युरोपास गेले, तेव्हा मुलगा बरोबर होता. पॅरिस शहरी त्याने प्रथमच पेट्रोलवर चालणारे लहानसे एंजिन चालताना पाहिले आणि तो तेथे खिळून उभा राहिला. वाफेच्या अजस्र एंजिनाचे काम हे एवढेसे यंत्र करते, तर ते अंतराळातही नेता येईल, हा विचार तेथे रुजला असावा.

१८९२ साली मुलगा अठरा वर्षांचा असतानाच वडिलांनी त्यास कायद्याने स्वतंत्र केले व त्याच्या वाटणीचा पैसा त्याच्या स्वाधीन केला. त्या वेळी त्यांनी केलेला उपदेश प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावा असा आहे. पदवीच्या मागे न लागता पॅरिसला जाऊन चांगला शिक्षक गाठावा, पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रशास्त्र व वीज यांचा अभ्यास करावा, जगाचे भवितव्य यंत्रविद्येत आहे, अशा आशयाचे ते बोलणे होते. त्याच वर्षी वडील निवर्तले. मुलाने त्यांचा शब्द अक्षरशः पाळला. त्याने कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नाही. खाजगी शिक्षक ठेवून शिक्षण घेतले आणि बाकीचे कारखान्यात हात काळे करून मिळविले.

बलूनपासून वायुनौकेपर्यंत

सांतोस-द्यूमाँ अंगाने अगदी किरकोळ होते. वजन पन्नास किलोच्या आसपास. लोक थट्टा करीत, परंतु आकाशात जाणाऱ्यास हलके असणे हाच मोठा गुण होय, हे त्यांनी ओळखले. १८९८ साली त्यांनी आपले पहिले बलून करविले. त्याचे आकारमान ११३ घनमीटर. त्या काळच्या बलूनांपुढे ते बाळच. जाड कापडाऐवजी त्यांनी तलम जपानी रेशीम वापरावयाचे ठरविले, तेव्हा अनुभवी बलूनकर्त्यांनी ते फाटेल म्हणून माना हलविल्या. सांतोस-द्यूमाँ यांनी रेशमाची ताकद मापून पाहिली आणि ती लोकांच्या अंदाजाहून पुष्कळच अधिक भरली. बलून तयार झाले आणि घडी घालून हातातील पेटीत मावू लागले. तोंडी मताहून ताजव्याचे मत मोठे, हा कारागिराचा नियम त्यांनी जन्मभर पाळला.

बलून वाऱ्याच्या मर्जीने जाते. त्यास आपल्या मर्जीने न्यावयाचे तर एंजिन हवे. एंजिन अंतराळात फार हादरेल, अशी सर्वांस भीती होती. यावर त्यांनी केलेला प्रयोग ऐकण्याजोगा आहे. आपली तीन चाकी मोटारगाडी दोरांनी झाडाच्या फांदीस टांगली, स्वतः तीत बसले आणि एंजिन सुरू केले. गाडी जमिनीवर जेवढी हादरे त्याहून टांगलेली गाडी कमीच हादरते, हे त्यांस दिसून आले. एका दोराने व एका फांदीने काम भागले. प्रयोगशाळा लागली नाही.

२० सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची पहिली वायुनौका उडाली. लांबट बलूनाखाली टोपली व एंजिन, अशी ती रचना होती. उतरतेवेळी हवेचा पंप नीट चालेना, बलून मधोमध दुमडले आणि नौका वेगाने खाली येऊ लागली. खाली मैदानात मुले पतंग उडवीत होती. सांतोस-द्यूमाँ यांनी वरून ओरडून त्यांस लोंबता दोर धरावयास व वाऱ्याच्या उलट दिशेस पळावयास सांगितले. पतंगाची युक्ती मुलांस ठाऊकच होती. त्यांनी दोर ओढला, पडण्याचा वेग मंदावला आणि प्राण वाचले.

गहाण हत्यारे सोडविली

पुढे १९०० साली पॅरिसमधील एका धनिकाने एक लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. साँ-क्लू येथून निघावयाचे, आयफेल मनोऱ्यास वळसा घालावयाचा आणि अर्ध्या तासात मूळ ठिकाणी परत यावयाचे, सुमारे अकरा किलोमीटरांची ही फेरी होती. ८ ऑगस्ट १९०१ रोजी सांतोस-द्यूमाँ यांची पाचवी वायुनौका परतीच्या वाटेवर एका उंच इमारतीवर आदळून फाटली. ते भिंतीच्या कडेस लोंबकळत राहिले. अग्निशामक दलाने दोर सोडून त्यांस वर घेतले. त्याच संध्याकाळी त्यांनी सहावी नौका बांधण्याच्या कामास हात घातला. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी तिने मनोऱ्यास वळसा घालून साडेएकोणतीस मिनिटांत परतीची रेघ ओलांडली. दोर जमिनीवर धरला जाईपर्यंत चाळीस सेकंद जास्त गेली, म्हणून परीक्षकांनी वाद घातला. परंतु लोकमत इतके अनावर झाले की, अखेर बक्षीस त्यांसच द्यावे लागले.

या बक्षिसाचे त्यांनी काय केले, ते आपल्या प्रत्येक घरात वाचले जावे. एक वाटा त्यांनी आपल्या कारागिरांस व साह्यकर्त्यांस दिला. दुसरा मोठा वाटा पॅरिसच्या गरिबांसाठी दिला आणि त्यातून पेढ्यांवर गहाण पडलेली कामकऱ्यांची हत्यारे सोडवून ज्याची त्यास परत देण्याची व्यवस्था करविली. रंधा, करवत, हातोडा गहाण टाकण्याची वेळ कारागिरावर केव्हा येते, ते आपण जाणतो. हत्यार गेले म्हणजे कसब हातात असून हात रिकामा. अन्नदान पुष्कळ करतात. परंतु हत्यार सोडवून देणारा दाता विरळा. त्याला कारागिराचे दुःख आतून कळलेले असते.

कीर्ती आता दारी चालत आली. १९०३ साली ते आपल्या लहानशा नवव्या वायुनौकेतून पॅरिसच्या रस्त्यांवरून फिरत आणि ती घराच्या दाराशी बांधून वर जात. त्याच वर्षी आयदा दे अकोस्ता या तरुणीस त्यांनी ती नौका एकटीने चालवू दिली. एंजिनाचे हवाई वाहन चालविणारी ती पहिली स्त्री मानली जाते. उड्डाणात दोन्ही हात गुंतलेले असताना खिशातील घड्याळ काढता येत नाही, अशी अडचण त्यांनी कार्तिए या मित्रास सांगितली. त्याने १९०४ साली मनगटावर बांधावयाचे घड्याळ त्यांस करून दिले, आणि पुरुषांनी मनगटी घड्याळ वापरण्याची चाल पडण्यास त्याचे मोठे साह्य झाले.

विमान

बलूनाच्या आधारावाचून, केवळ पंखांच्या बळावर उडावयाचे हे पुढचे पाऊल. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसजवळील बागातेल मैदानावर त्यांचे विमान सुमारे साठ मीटर उडाले. १२ नोव्हेंबरला ते २२० मीटर उडाले आणि जागतिक विक्रमांच्या अधिकृत नोंदीत पहिले ठरले. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजीच उड्डाण साधले होते आणि पुढील दोन वर्षांत ते मैलोगणती उडू लागले होते. पहिले कोण, हा वाद ब्राझीलमध्ये आजही चालतो. जगातील बहुतेक अभ्यासक तो मान राइट बंधूंस देतात. आमच्या मते सांतोस-द्यूमाँ यांचा खरा मोठेपणा पहिलेपणात नसून त्यानंतरच्या कृतीत आहे.

राइट बंधू हे सायकली दुरुस्त करणारे व बनविणारे गुणी कारागीर. त्यांनी आपल्या शोधाचा हक्क १९०६ साली सरकारदरबारी नोंदवून घेतला आणि तो मोडणाऱ्यांवर दावे लावले. आपल्या कष्टाचे मोल मागण्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. परंतु अमेरिकेतील विमानकर्त्यांची कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली, हेही खरे. सांतोस-द्यूमाँ यांनी दुसरी वाट धरली. त्यांस घरची श्रीमंती होती, म्हणून ती वाट त्यांस सोपी होती, असे कोणी म्हणेल, तेही खरेच. परंतु श्रीमंती पुष्कळांस असते आणि ते मूठ उघडीत नाहीत.

चतुर

१९०७ साली त्यांनी एक चिमुकले विमान केले व १९०९ साली ते सुधारून पूर्णत्वास नेले. त्याचे नाव ‘दमुआझेल’. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ कुमारिका असा होतो आणि पावसाळ्यानंतर आपल्या शेतांवर तरंगणाऱ्या चतुरासारख्या एका नाजूक किड्यासही हेच नाव आहे. विमान होतेही तसेच. त्याची रचना आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या वाचकांस ती समजण्यास अडचण पडणार नाही.

पाठीचा कणा म्हणून तीन लांब बांबू, आडव्या काठ्यांनी व ताणलेल्या तारांनी एकमेकांस बांधलेले. सांधे धातूच्या नळ्यांचे. त्यामुळे बांबू सुटे करून सबंध विमान मोटारीवर लादून नेता येई. वर सुमारे पाच मीटर विस्ताराचे पंख, त्यांवर दोन्ही बाजूंनी रेशीम ताणलेले. मागे शेपूट अधिक चिन्हाच्या आकाराचे आणि सांध्यावर चारी दिशांस वळणारे. वर-खाली व डावी-उजवी अशी दोन्ही वळणे त्यानेच साधावयाची. खाली सायकलीसारखी तारांच्या आऱ्यांची चाके. चालक पंखांखाली, चाकांच्या मध्ये ताणलेल्या कापडी पट्ट्यावर बसे. त्याच्या डोक्यावर दोन सिलिंडरांचे एंजिन व पुढे लाकडी पंखा. विमान एका बाजूस कलले तर पंखांचे टोक तारेने ओढून पिळावे लागते. ती तार चालकाच्या कोटाशी पाठीमागे जोडलेली असे. सायकलस्वार तोल सावरताना जसा अंग कलवितो, तसे अंग कलविले की काम होई. हे सर्व मिळून यंत्राचे वजन सव्वाशे किलोच्या आत आणि वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत. १९०९ च्या सप्टेंबरात सांतोस-द्यूमाँ साँ-सीर येथून उडून आठ किलोमीटरांवरील ब्यूक येथे पाच मिनिटांत आपल्या मित्रास भेटावयास गेले.

आणि मग त्यांनी नकाशे खुले केले. हक्क राखून ठेविला नाही, मोबदला मागितला नाही. अमेरिकेतील ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकाने १९१० सालच्या जून व जुलैच्या अंकांत दमुआझेलची सारी रेखाचित्रे मापांसह छापली. ज्यास लाकूडकाम, थोडे लोहारकाम व शिवण येते त्याने एंजिन तेवढे विकत घ्यावे आणि आपले विमान आपल्या अंगणात बांधावे, अशी ती योजना. घरी विमान बांधू पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती पुरते उतरलेल्या विमानाची मापे पडली, त्याचा हा आरंभच म्हणावा लागेल. फ्रान्समधील क्लेमाँ-बायार कारखान्यानेही ही विमाने बांधली. परंतु साडेसात हजार फ्रँक किमतीला गिऱ्हाइके थोडीच मिळाली. रोलाँ गारोस हा पुढे नामांकित झालेला वैमानिक याच विमानावर उडण्यास शिकला.

दमुआझेलचे दोषही सांगावयास हवेत. चालक हलका व चपळ नसेल तर ते उडता उडत नसे. वाऱ्याचा झोत आला की डगमगे. ४ जानेवारी १९१० रोजी खुद्द सांतोस-द्यूमाँ त्याच विमानातून पडले. जिवावरचे बोटावर निभावले, परंतु त्यानंतर ते पुन्हा उडाले नाहीत. मज्जातंतूंच्या रोगाने त्यांस ग्रासले. हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांनी आपली कर्मशाळा बंद केली.

उत्तरायुष्य

यापुढची कहाणी दुःखाची आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा ते फ्रान्सच्या समुद्रकिनारी दुर्बिणीतून तारे पाहण्यात मन रमवीत होते. शेजाऱ्यांनी त्यांस जर्मनांचा हेर ठरविले आणि पोलिसांनी घराची झडती घेतली. पुढे पोलिसांनी क्षमा मागितली. परंतु ज्या देशावर प्रेम केले त्यानेच हेर म्हणावे, हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी आपली कागदपत्रे जाळून टाकली. वाचकहो, केवढी ही हानी! जी टिपणे त्यांनी स्वतःपाशी ठेविली होती ती राख झाली. जी वाटून टाकली होती ती तेवढी उरली.

ते मायदेशी परतले. १९१८ साली पेत्रोपोलिस या डोंगरावरील गावी त्यांनी एक लहानसे घर बांधले. चढ फार उभा, म्हणून जिन्याच्या पायऱ्या आळीपाळीने अर्ध्या कापून पाय अडखळणार नाही अशी युक्ती केली. बाहेरच्या जिन्यावर पहिले पाऊल उजवेच पडते, डावे टाकताच येत नाही. आपल्याकडे शुभकार्यास उजवे पाऊल टाकण्याची चाल आहे, ती या सातासमुद्रांपलीकडील गृहस्थाने जिन्यात उतरविली. ते घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

विमानांतून गावांवर बॉम्ब पडू लागले, ही गोष्ट त्यांच्या मनास कुरतडीत राहिली. तरुणपणी त्यांनी स्वतःच फ्रान्सच्या सैन्यास आपल्या वायुनौका देऊ केल्या होत्या. त्यामुळे हा सल अधिकच खोल होता. १९२६ साली त्यांनी राष्ट्रसंघास विनंती केली की, विमानाचा शस्त्र म्हणून उपयोग बंद करावा. कोणी ऐकले नाही. ३ डिसेंबर १९२८ रोजी ते जहाजाने रिओ येथे परतत असताना स्वागतासाठी निघालेले समुद्री विमान त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि त्यातील सर्व माणसे मृत्यू पावली. त्या विमानास त्यांचेच नाव दिलेले होते. सत्कार बाजूस ठेवून ते अंत्यविधींस जात राहिले. १९३२ साली ब्राझीलमध्ये यादवी माजली आणि त्यांच्याच देशबांधवांची विमाने एकमेकांवर बॉम्ब टाकू लागली. रोगाने व शोकाने खचलेल्या त्या जिवास हे सोसवले नाही. २३ जुलै १९३२ रोजी ग्वारुझा येथे त्यांनी आपल्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे एकोणसाठ. त्यांच्या जन्मस्थानाजवळच्या गावास पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

बीज कोठे रुजले

विद्या वाटली तर ती दुष्टांच्याही हाती जाते, आणि वाटणाऱ्याच्या पदरी दुःखच येते, असा निष्कर्ष कोणी या चरित्रातून काढील. आम्हांस तसे वाटत नाही. विमानाचे शस्त्र करणाऱ्या राष्ट्रांपाशी स्वतःचे कारखाने व स्वतःचे इंजिनिअर होते. त्यांस दमुआझेलच्या नकाशांची गरज नव्हती. ते नकाशे ज्यांनी वापरले ते साधे हौशी लोक होते, आणि बीज त्यांच्यातच रुजले.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या एका हौशी माणसाने १९३४ साली पुस्तक लिहून एका माणसाचे स्वस्त विमान घरी कसे बांधावे ते लोकांस शिकविले. शेकडो लोकांनी ते बांधले. पुढे अपघात होऊन माणसे दगावली आणि १९३६ साली बंदी आली. शास्त्रज्ञांनी मोठ्या पवनबोगद्यात विमान तपासले, तेव्हा खाली झेपावताना त्याचे नाक वर येत नाही असा दोष पुढच्या-मागच्या पंखांच्या रचनेत सापडला व तो दुरुस्त झाला. विद्या वाटावी, परंतु ती आधी तपासावी, हा धडा त्यातून मिळाला. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमाने बांधणाऱ्यांचा संघ स्थापन केला. १९५५ साली त्यांनी एका मासिकातून, आठशे डॉलरांच्या आत एक आसनी विमान कसे बांधावे ते लेखमालेने सांगितले. आज तयार सुट्या भागांची पेटी मागवून घरी विमान जोडणारे लोक अनेक देशांत आहेत.

आपल्याकडे काय? १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची हकीकत मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. परंतु ज्यावरून दुसऱ्या कारागिराने ते यंत्र पुन्हा उभे करावे, असा नकाशा लोकांपुढे आला नाही. म्हणून ती हकीकतच राहिली, विद्या झाली नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातीलच मूळ रहिवासी असलेले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीस घराच्या गच्चीवर विमान बांधले. ते २०१६ साली प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. आपल्या मातीतला हात कमी पडत नाही, याची ही साक्ष होय.

आमच्या जिल्ह्यांचा इतिहासही हेच सांगतो. मिरजेच्या शिकलगार कारागिरांनी, हत्यारांना धार लावण्याचा धंदा बसत चालला असता सतार व तंबोरा घडविण्याची विद्या हस्तगत केली आणि ती घरोघर शिकविली. म्हणून आज दीडशेहून अधिक वर्षे मिरजेचे नाव गाजत आहे. दमुआझेलचे नकाशे अमेरिकेत छापले गेले त्याच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला आणि गावोगावच्या होतकरू पोरांस यंत्रावर बसविले. याच्या उलट चित्रही आम्ही पाहिले आहे. शाळेच्या नोकरीत असताना आमच्या गावी बैलगाडीची चाके करणारे एक वृद्ध कारागीर होते. तुंब्याला कोणते लाकूड, आऱ्यांचा कल किती, धाव किती तापवून चढवावी, हे त्यांच्यासारखे पंचक्रोशीत कोणास येत नसे. परंतु धाव चढविण्याच्या वेळी ते सख्ख्या पुतण्यासही दूर धाडीत. ते गेले आणि ती मापे त्यांच्याबरोबर गेली. गाड्यांचा जमाना सरला, हे खरे; परंतु लाकडाची ती पारख अन्य शंभर कामांस उपयोगी पडली असती.

समाजबंधू-भगिनींनो, खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. यंदा त्या पाटावर एक कोरी वही ठेवावी, अशी आमची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या कामाची मापे, लाकडाची पारख, पोलादास पाणी देण्याची रीत सांगावी आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी ती चित्रांसह उतरून घ्यावी. वही भरली की शेजारच्या मुलासही वाचावयास द्यावी. तो आपल्या नात्यातला आहे की नाही, हे पाहू नये. सांतोस-द्यूमाँ यांस पोरबाळ नव्हते. परंतु त्यांचे नकाशे पाहून ज्यांनी ज्यांनी बांबूला रेशीम ताणले, ते सारे त्यांचे वारस झाले. तशी वारसदारी आपल्याही घरांस लाभो, असे इच्छून आम्ही लेखणी आवरती घेतो.